धारची लोकर

उसवलेली लोकर सरळ होत नाही. टाके निघून जातात, पण धाग्याला त्यांचे वळण राहते. बारीक लाटा, एकीमागे एक, जवळजवळ सारख्या. काल मी एका वितीत मोजल्या तर एकतीस भरल्या. थोडे पुढे मोजल्या तर अठ्ठावीस. म्हणजे तिथे हात सैल पडला असावा. कशाने पडला असेल? कोणी हाक मारली, की चुलीवर दूध वर आले? आता हे विचारायचे कुणाला?

उमाला, माझ्या पत्नीला, जाऊन चार महिने होत आले. दिवाळीचे पाहुणे परतले की ती दरवर्षी गच्चीवर चटई टाकून लोकरीचे कपडे उन्हात घाली. यंदा ते मी केले. ट्रंकेचे झाकण उघडले तेव्हा आधी कडुनिंबाच्या वाळक्या पाल्याचा वास आला, मग कापराचा, आणि सगळ्यांच्या खाली एक उबट, किंचित तेलकट वास, पावसात भिजलेल्या मेंढ्यांजवळून जाताना येतो तसा. कितीही वेळा धुतली, कितीही वर्षे लोटली, तरी लोकर आपली मेंढी विसरत नाही. मी एक एक कपडा काढत गेलो आणि चटईवर मांडत गेलो. गळपट्टे, कानटोप्या, पायमोजे, आणि लहान मुलांच्या तीन बंड्या. तळाशी उसवलेल्या लोकरीचा एक गुंडा होता. कोणत्या कपड्याची ती लोकर, आणि पुढे तिचे काय होणार होते, ते मला ठाऊक नाही.

माझी पुतणी वेणू दिवाळीसाठी मनावर गावाहून आली ती अजून इथेच आहे. तिच्या मुलाच्या अंगात मुंबईहून आणलेला गिरणीचा स्वेटर आहे, निळा, छातीवर दोन पट्टे असलेला. ती माझ्याजवळ येऊन बसली, एक जुनी बंडी उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाली, ‘काका, खरं सांगा हं. एवढं विणून काकूचे पैसे वाचले का हो कधी? बाजारात तर याहून स्वस्त मिळतं.’

‘याचा मी एकदा प्रयोग केला होता,’ मी म्हणालो. ‘तुमच्यावरच.’

‘तो! त्या प्रयोगाची तर आम्ही पार वाट लावली होती,’ वेणू म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसू लागली.

तिला आठवते ते वेगळे, मला आठवते ते वेगळे. दोन्ही मिळून लिहावे असे वाटले.

तेव्हा विसावे शतक आठ-दहा वर्षांचे झाले होते आणि मी सव्वीस-सत्तावीसचा. देवास गाव एकच, पण राज्ये दोन, थोरली पाती आणि धाकटी पाती. बाजाराच्या रस्त्याची ही बाजू एका महाराजांची, ती बाजू दुसऱ्यांची. टेकडीवर देवीही दोन. बहिणी असून एकमेकींकडे पाठ करून बसल्या आहेत म्हणतात. आमचे घर धाकट्या पातीत. माझा मोठा भाऊ, दादा, धाकट्या पातीच्या कचेरीत कारकून होता. मी रस्ता ओलांडून थोरल्या पातीच्या शाळेत गणित शिकवायला जाई. त्यामुळे एका महाराजांच्या वाढदिवसाला दादा घरी, तर दुसऱ्यांच्या वाढदिवसाला मी. वहिनी म्हणत, ‘महाराज दोन दोन, आणि सुट्टी मला एकाचीही नाही.’

दादाला जुळ्या मुली होत्या. सरू घटकाभर आधी जन्मली, वेणू मागून आली. बारशाच्या आधीच आळीने त्यांची नावे ठेवून टाकली, सरू ती थोरली पाती आणि वेणू ती धाकटी पाती. सात वर्षांच्या झाल्या तरी त्यांना दुसऱ्या नावाने कोणी हाक मारीत नसे. वहिनी स्वयंपाकघरातून ओरडत, ‘दोन्ही दरबार जेवायला या!’

उमा धारची. तिचे वडील आमच्या लग्नाआधीच वारले होते, भाऊ नव्हता. आई एकटीच तलावाच्या बाजूला दोन खोल्यांत राहात असे आणि तिच्या एका डोळ्यावर मोतीबिंदूचा सारा आला होता. लग्नाला सहा वर्षे झाली होती. आम्हाला मूल नव्हते, म्हणून बाळंतपणाला माहेरी जाणे नव्हते. बोलावणे पाठवणारा पुरुषमाणूस तिकडे नव्हता, म्हणून सणाला जाणे नव्हते. सासरच्या बाईला माहेरी जायला त्या दिवसांत काही ना काही कारण लागे, आणि उमाजवळ कारण एकच होते: लोकर.

धारला मिशनच्या बंगल्यात एक मडमबाई होत्या. लग्नापूर्वी दोन हिवाळे उमा त्यांच्याकडे विणकाम शिकायला जात होती. त्या दरवर्षी थंडीच्या तोंडाला मुंबईहून लोकरीचे पार्सल मागवीत आणि आपल्या जुन्या विद्यार्थिनींना खरेदीच्या भावाने देत. पण त्यांची एक अट असे. मागच्या वर्षी नेलेल्या लोकरीचे काय केले ते आणून दाखवायचे. नुसते पत्र पाठवून चालत नसे, दुसऱ्याच्या हाती निरोप चालत नसे. काम त्या खिडकीशी नेऊन उजेडात धरीत, उलट बाजू आधी पाहात, आणि मगच कपाटाची किल्ली काढीत. म्हणून दिवाळी झाली की तुळशीच्या लग्नाच्या आत उमा धारला जाई. देवासहून इंदूरपर्यंत टांगा, इंदूरहून महूपर्यंत आगगाडी, महूहून पुढे बैलांची दमणी. सोबत मी. आठ दिवस राहायचे आणि लोकर घेऊन परतायचे.

मडमबाईंच्या हातची लोकर आमच्या घरात कशी चालली, याचे मला तेव्हाही नवल वाटे. वहिनींचे सोवळे कडक होते. मुली शाळेतून आल्या की दारातच शाळेचे कपडे उतरवायचे, हातपाय धुवायचे, मग आत. एवढ्या लहान मुलांना कोणी इतके पाळायला लावीत नाही, पण वहिनी लावीत. मात्र लोकर आणि रेशीम यांना विटाळ नाही, हे शास्त्र त्या तितक्याच निष्ठेने पाळीत. त्या स्वतः पहाटे लोकरीची धाबळी नेसून स्वयंपाक करीत. ‘मडम काय नि मौलवी काय, लोकर ती लोकर,’ त्या म्हणत, आणि उमाने आणलेली लडी सरळ देवघराच्या कोनाड्यात ठेवून देत.

दुपारी भांडी पालथी घातली की उमा मागच्या ओसरीवर बसे. सुया तिने बांबूच्या कामट्या काचेने तासून, तेल लावून घरीच केल्या होत्या. त्यांचा आवाज अगदी बारीक असे, दोन वाळकी पाने एकमेकांवर घासावीत तसा. सुलट, उलट, सुलट, उलट. मी सुट्टीच्या दिवशी आत पुस्तक घेऊन पडलेला असलो की तो आवाज ऐकू येई, आणि तो थांबला की मी पान वाचायचा थांबे. का, ते मी कधी तपासून पाहिले नाही.

एके वर्षी आम्ही धारहून परतलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी दादा बाजारातून आला तो हातात एक तयार बंडी घेऊन. बोहऱ्याच्या दुकानातली, सुती फलालीनची, मऊ, गुलाबी. आतून लव, बाहेरून लव.

‘मास्तर,’ दादा मला म्हणाला. मला तो मास्तरच म्हणे. ‘चौदा आणे. शिवलेली, गुंड्या लावलेली. मग दरसाल धारचं खूळ कशाला?’

मला वाटते, दादाच्या मनात वाईट काही नव्हते. तो कचेरीत दिवसभर दुसऱ्यांचे खर्च तपाशी, आणि घरी आला तरी हात थांबत नसत. पण उमा तेव्हा दाराशी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, आणि तो तांब्या तिने खाली ठेवला नाही, पुढेही केला नाही.

मी काहीतरी बोलायला हवे होते. मी बोललो ते असे: ‘दादा, याचा प्रयोग करून पाहू. एका मुलीला विणलेली घालू, एकीला बाजारची. हिवाळाभर. मग चैत्रात बसून पाहू काय स्वस्त पडतं ते.’

‘आणि बाजारची स्वस्त पडली तर?’

‘तर पुढच्या वर्षापासून बाजारची.’

‘धार बंद?’

‘लोकर आणायची नसेल तर धार कशाला?’ मी म्हणालो. अगदी सहज म्हणालो. गणितात असेच म्हणतात.

त्या दिवशी उमा मला एवढेच म्हणाली, ‘आईचा दुसरा डोळाही आता धूसर झालाय. पाहिलंत ना तुम्ही? मला बघायला तिनं मान तिरपी केली.’ मी पाहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी बोहऱ्याकडे जाऊन त्या कापडाची चौकशी केली. मला खरोखरच जाणून घ्यायचे होते. त्याने ठाण उलगडून माझ्या हातावर टाकले. ‘मास्टर साब, हाथ तो फेरो! दो स्याळा तो यो हँसता-हँसता काडेगा.’ दोन हिवाळे हसत काढील म्हणे. ‘और धुलाई में?’ मी विचारले. ‘अरे भिया, धुलाई में तो आदमी भी सिकुड़ता हे,’ तो म्हणाला, आणि शेजारचा अत्तरवाला इतक्या मोठ्याने हसला की मी पुढचे प्रश्न विचारलेच नाहीत.

चिठ्ठ्या टाकल्या. विणलेली धाकटीला आली, फलालीनची थोरलीला. उमाने आठ दिवसांत बंडी पुरी केली. मेंदीच्या वाळक्या पानांसारखा हिरवा रंग, गळ्याशी पांढरी किनार. मी रोज तिच्या कामाचे तास टिपून ठेवीत होतो. एकदा विचारले, ‘तुझ्या वेळेची किंमत काय धरायची?’

तिने सुईवरचे टाके मोजून संपवले, मग म्हणाली, ‘बाजारात नेऊन बघा. गिऱ्हाईक मिळालं तर मला कळवा.’

मी ‘वेळ’ या शब्दापुढे शून्य लिहिले.

माळव्यातला तो हिवाळा मला अजून नाकाने आठवतो. तळलेल्या गराडूच्या कंदाचा वास, वर पिळलेले लिंबू. शेगडीतल्या गोवऱ्यांचा धूर. सकाळी टेकडीवरची घंटा धुक्यातून येई ती ओली होऊन आल्यासारखी. मुली शाळेला निघाल्या की त्यांच्या तोंडातून वाफ निघे आणि त्या एकमेकींकडे तोंड करून, ‘माझं इंजिन मोठं, माझं इंजिन मोठं’ करीत जात. मी रोज संध्याकाळी दोन्ही बंड्या तपाशी. कोपर, बगल, गळा, कड. फलालीनला महिन्याभरात गोळे धरले. लोकरीची बंडी कोपराशी जरा ओघळली. शाई सांडून घेई ती थोरली, पण डाग हिरव्या बंडीवर होते. धाकटीच्या बंडीवर थोरलीची शाई कशी, हा प्रश्न मला पडायला हवा होता.

माघाच्या एका दुपारी थोरल्या पातीच्या राजघराण्यात कुणी वारले, त्या गमीने शाळा लवकर सुटली आणि मी रस्त्याने येत होतो. पाणपोईच्या पायरीवर दोन्ही दरबार उभे होते. थोरलीच्या अंगात हिरवी बंडी होती. ती काढून थोरली धाकटीला देत होती आणि धाकटी तिला गुलाबी देत होती, अगदी निमूटपणे, रोजचे काम असल्यासारखे.

‘हे काय चाललंय?’

दोघींनी आधी बंड्या अंगात चढवल्या. मग थोरली म्हणाली, ‘काका, आमचा तह झालाय.’

तह असा होता. शाळा थोरल्या पातीत, म्हणून रस्त्याच्या त्या बाजूला हिरवी बंडी थोरलीने घालायची. घर धाकट्या पातीत, म्हणून या बाजूला धाकटीने. आणि हद्दीवर, म्हणजे पाणपोईच्या पायरीवर, बदलायची. यामागचे खरे कारण वहिनींचे सोवळे होते. शाळेतून आल्यावर दारात सगळे कपडे उतरले की फलालीनवालीने उघड्याने कुडकुडत धुतलेल्या कपड्यांची वाट पाहायची. लोकरीला विटाळ नाही, म्हणून हिरव्या बंडीवालीने ती तशीच चढवून थेट चुलीपाशी जाऊन बसायचे. हे सुख धाकटीला चिठ्ठीने मिळाले होते. थोरलीने त्यावर दावा लावला होता आणि शाळेपुरते राज्य मिळवले होते.

‘पण शाळेत तर दोघींनाही सारखीच थंडी!’ मी परवा वेणूला म्हणालो.

‘थंडीचा प्रश्न नव्हता हो काका,’ ती म्हणाली. ‘ती काकूनं विणलेली होती. वर्गात सगळ्या मुली हात लावून बघायच्या. थोरलीला तेवढंच हवं होतं. मला चूल हवी होती.’

पंचवीस वर्षांनी मला हे कळले. त्या दुपारी मात्र मी घरी येऊन हात झाडले आणि म्हणालो, ‘प्रयोग बाटला!’

वहिनी भाकरी थापत होत्या. ‘बाटेल कसा? निम्मा लोकरीचा आहे ना,’ त्या म्हणाल्या.

बंड्या किती टिकतात ते आता कळणार नव्हते. उरला तो फक्त खर्च. तो मी चैत्रात मांडला. पाडवा होऊन गेला होता, चैत्रगौर बसली होती, घरात कैरीच्या डाळीचा आणि पन्ह्याच्या वेलचीचा वास होता. संध्याकाळी दादा झोपाळ्यावर बसला, मी समोर कागद घेऊन. उमा आत तांदूळ पाखडत होती. तिने त्या दिवशी कितीतरी तांदूळ पाखडले.

मी वाचून दाखवले. बोहऱ्याची बंडी चौदा आणे. विणलेल्या बंडीची लोकर एक रुपया. गुंड्या दोन आणे. वेळ शून्य. मग मी थांबलो. पुढची ओळ लिहावी की नाही, याचा मी आदल्या दिवशी बराच विचार केला होता. आणि मला वाटले होते, खरे शोधायचे तर काही लपवता येत नाही. मी वाचले: टांगा, आगगाडी, दमणी, जाण्यायेण्याचे, दोन माणसांचे. त्या वर्षी आणलेल्या लोकरीत चार कपडे झाले, म्हणून त्याचा चौथा हिस्सा. सगळे मिळून विणलेली बंडी बाजारच्या बंडीच्या चौपटीहून महाग.

मला तेव्हा थोडा आनंद झाला होता, हे लिहायला हवे. उत्तर इतके स्पष्ट आले होते.

‘म्हणजे मास्तर, तुझाच कागद सांगतो,’ दादा म्हणाला. ‘बोहऱ्याची घ्यावी.’

‘कागद तसं सांगतो खरा.’

‘झालं तर. यंदा कार्तिकात धार नाही.’

आतला सुपाचा आवाज थांबला. मी वर पाहिले. माझ्या सवयीने पाहिले असेल. पुस्तक वाचताना सुया थांबल्या की पाही तसे. आणि त्या क्षणी मला कळले की मी काय करून बसलो आहे, पण ते दुरुस्त कसे करायचे हे मला कळेना. आकडा चुकलेला नव्हता.

वहिनी डाळीच्या वाट्या घेऊन बाहेर आल्या होत्या. त्यांनी दादासमोर वाटी ठेवली, माझ्यासमोर ठेवली, आणि तिथेच उभ्या राहिल्या.

‘भावोजी, ते शेवटचं पुन्हा वाचा बरं.’

‘टांगा, आगगाडी, दमणी.’

‘हे कशाचं?’

‘लोकर आणायचं.’

‘असं? मग माझंही मांडा एक. मी दर भादव्यात डोल ग्यारसला हाटपिपल्याला जाते. गाडी, गाडीवान, बैलांचा चारा. ते कशाचं मांडाल?’

‘ते देवाचं,’ दादा म्हणाला. ‘त्याचा इथे काय संबंध?’

हाटपिपल्या हे वहिनींचे माहेर. तिथल्या नृसिंहाची पाषाणाची मूर्ती डोल ग्यारसला, म्हणजे भाद्रपदातल्या एकादशीला, नदीच्या पाण्यावर सोडतात आणि ती तरंगते. तीनदा सोडतात. जितक्यांदा तरंगेल त्यावरून वर्ष कसे जाईल ते लोक सांगतात. आम्हीही दरवर्षी वहिनी परतल्या की पहिले हेच विचारत असू, ‘कितीदा तरंगली?’ आणि त्या सांगत.

‘लग्न झाल्यापासून मी मूर्ती तरंगताना पाहिलेली नाही,’ वहिनी म्हणाल्या. ‘एकदाही नाही. तिकडचे सगळे नदीवर जातात ना, तेव्हा मी घरी परसात असते, आईजवळ. तिला गर्दीत जाववत नाही. सगळं गाव नदीवर, घरात आम्ही दोघी. तेवढी एक दुपार मिळते बोलायला.’

‘अगं, मग दरवर्षी सांगतेस ते? दोनदा तरंगली, तीनदा तरंगली?’ दादा म्हणाला.

‘नदीवरून परतताना लोक ओरडतच येतात. ऐकू येतं मला.’

दादाने हातातली वाटी खाली ठेवली.

‘मी देवाच्या नावानं जाते,’ वहिनी म्हणाल्या, ‘ही लोकरीच्या नावानं जाते. माझी गाडी कुणी डाळीत धरली नाही की तांदळात धरली नाही. हिच्या आईला भेटायची दमणी त्या पोरीच्या बंडीवर का हो टाकता?’ आणि त्या आत निघून गेल्या. जाताना दारात म्हणाल्या, ‘डाळ खा. आंबट झाली असली तर सांगू नका.’

झोपाळ्याची कडी दोन-तीनदा वाजली. मग दादा म्हणाला, ‘मास्तर, ती ओळ खोड.’

मी खोडली. उत्तर तरीही बाजारच्या बाजूनेच राहिले, विणलेली चार आणे महाग. दादाने कागदात डोकावून पाहिले. भासऱ्याने, म्हणजे थोरल्या दिराने, धाकट्या भावजयीशी समोरासमोर बोलायचे नाही, ही आमच्या घरची पक्की रीत. म्हणून तो थोरलीला हाक मारून म्हणाला, ‘काकूला म्हणावं, चार आणे महाग आहे, पण चालेल.’

थोरली आत गेली आणि निरोप घेऊन आली. ‘काकू म्हणते, लोकर उसवून पुन्हा विणता येते. पुढल्या वर्षी नुसती चार बोटं नवी लागेल. बोहऱ्याची वाढते का विचार.’

दादा मोठ्याने हसला. ‘मास्तर, हे तू मांडलंच नव्हतंस!’

खरेच मांडले नव्हते. मी एकाच हिवाळ्याचा विचार केला होता. मुली वाढतात हे मी धरलेच नव्हते.

त्याच आठवड्यात उमाने हिरवी बंडी उसवायला घेतली. मी तिच्यासमोर बसून धागा गुंडाळत होतो. वरून एक ओळ सुटे आणि सळसळत संपे, मग दुसरी. आठ दिवसांचे काम एका दुपारी धागा होऊन गेले. मग रिठ्याच्या पाण्यात लडी बुडवली, तेव्हा तो मेंढीचा वास सगळ्या अंगणात पसरला. ओली लडी दोरीवर टाकून खालच्या टोकाला तिने पाण्याने भरलेला तांब्या बांधला, लाटा निघून जाव्यात म्हणून.

‘सगळ्या जातात?’ मी विचारले.

‘बऱ्याचशा.’

‘त्या दिवशी मी ती ओळ वाचायला नको होती,’ मी म्हणालो.

ती तांब्याची गाठ पाहात होती. ‘वाचलीत ते बरं झालं. नाहीतर वहिनी कधी बोलल्या असत्या?’ मग जराशाने, ‘पण लिहिताना तुम्हाला एकदाही माझी आई आठवली नाही का हो?’

तिने हे रागाने विचारले नव्हते. मी सूत्रे विचारतो तसे विचारले होते, उत्तर हवे म्हणून. मी खरे ते सांगितले. नाही आठवली. तिने मान हलवली. पुढच्या सगळ्या वर्षांत तिने हा विषय पुन्हा काढला नाही, आणि मला मात्र अजून तो सुटलेला नाही.

कार्तिकात आम्ही निघालो. महूच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता, सीताफळांच्या टोपल्या घेऊन भिल्ल बायका उभ्या होत्या. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांनी झोप येई आणि चाक दगडावरून गेले की जाई. धारच्या तलावाचा शेवाळी वास आधी येतो, गाव मागून दिसते. माहेरी उमा उमा नसे, गोदी असे. लग्नात बदललेले नाव तिकडे कुणाच्या तोंडी बसलेच नव्हते. दमणी थांबली तशी ती उतरून आत गेली. मी गाडीवानाशी भाड्यावरून बोलत मागे राहिलो.

त्या आठ दिवसांत तिने आईचे केस धुतले, नखे काढली, वाकळा उन्हात घातल्या, आणि संध्याकाळी दारात बसून रस्त्याने कोण जाते ते आईला सांगत राहिली. ‘आता न्हावी चाललाय. आता ती उंच बाई, घागर घेऊन. आता कुणी नाही.’ आई ऐके, आणि मधेच म्हणे, ‘उंच कुठली, वाकली असेल आता.’ मी पुस्तक घेऊन बसे आणि तेच ऐकत राही. बंगला तलावापलीकडे होता, चालत पाव तासावर. रोज ठरे, उद्या जाऊ.

शेवटच्या दिवशी मी आठवण केली. ‘मडमबाईंकडे जायचं राहिलं. लोकर?’

ती आईच्या तळव्यांना तेल चोळत होती. ‘राहू दे,’ ती म्हणाली.

‘घरी काय सांगायचं?’

‘विचारलं तर बघू.’

देवासला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. दोन्ही दरबार धावत आले आणि त्यांनी ओट्यावरच ट्रंक उघडली. लुगडी बाहेर काढली, माझी पुस्तके काढली, तळ आला. ‘काकू, लोकर कुठाय?’ थोरली म्हणाली. वहिनी कंदील घेऊन दारात आल्या, ट्रंकेत पाहिले, उमाकडे पाहिले, आणि मुलींच्या पाठीत एक एक धपाटा घातला, ‘आधी आत येऊ द्या तिला.’

दादा झोपाळ्यावर होता. त्यानेही ट्रंक पाहिली होती. तो उठला, उंबऱ्याशी आला, आणि मुलींना मधे न घालता सरळ उमालाच म्हणाला, ‘आई कशा आहेत तुमच्या?’

उमाने पदर पुढे ओढला. मग खाली पाहात तिने सांगितले, आणि मी गाडीवानाशी हुज्जत घालीत होतो तेव्हा आत काय झाले, ते मलाही तेव्हाच कळले.

‘दोन्ही डोळे गेले,’ ती म्हणाली. ‘पण मी उंबऱ्यात पाय ठेवला मात्र, बोलले सुद्धा नव्हते, तर आतून म्हणाली, गोदी, आलीस?’